मांडीवरचा कीबोर्ड

फेब्रुवारीत संस्थेनं सहा जणींना सहा टॅब्लेट वाटले आणि प्रत्येकीला एकेक घडीचा कीबोर्ड दिला. तीन घड्या घातल्या की तो चष्म्याच्या डबीएवढा व्हायचा. राजेश्वरी मॅडमनी तो तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला. "मोबाईलपेक्षा हलका आहे. आता डोंगर चढून कुणाची पाठ दुखली, असं मला ऐकायचं नाहीये."

सगळ्या हसल्या. बबिताही हसली. लोणावळ्याच्या ऑफिसातल्या टेबलावर तिनं तो उघडून इंग्रजीत दोन ओळी मारून बघितल्या, तेव्हा तिलाही तो आवडलाच होता.

बबिता भाजे गावाच्या वरच्या ठाकरवाडीतली. बारावी झाल्यावर तिनं लोणावळ्यात मराठी टायपिंगचा क्लास लावला आणि पहिल्याच खेपेला परीक्षा पास केली. वाडीत असं कुणी आधी केलेलं नव्हतं. संस्थेनं तिला घेतलं ते त्याच जोरावर. काम होतं वनजमिनीच्या दाव्यांचं. वाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर नाचणी-वरई घेत आलेली, पण जमीन कागदावर जंगलखात्याची. ती नावावर व्हायची तर डिसेंबर दोन हजार पाचच्या आधीपासून आपण ती कसतो, हे दाखवावं लागतं. कागद कुणाकडेच नसतात. मग वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब घ्यायचा, तो लिहून दाव्याला जोडायचा. असा जबाब पुरावा म्हणून चालतो, हे कायद्यातच म्हटलेलं आहे.

पहिला जबाब सावित्राबाईचा होता. वाडीत तिच्याएवढं वय कुणाचंच नव्हतं. तिच्या शेजारच्या बारकूचा दावा होता आणि त्याच्या जमिनीची साक्ष ती देणार होती. बबिता तिच्या अंगणात बसली. टेबल कुठून असणार? कीबोर्ड मांडीवर ठेवला, तर तो मधल्या घडीत खाली वाकला आणि अक्षरं यायची थांबली. बारकूनं पाट आणून दिला. पाटावर कीबोर्ड राहिला, पण टॅब्लेट उभा राहीना. तो तांब्याला टेकवला. मग पाटावर वाकून टाइप करताना पाच मिनिटांत मान भरून आली.

तेही तिनं सोसलं असतं. खरी पंचाईत वेगळीच होती. मराठीच्या सरकारी कीबोर्डात ड आणि ढ उजव्या टोकाला वर येतात. च, ट आणि ठ त्यांच्या खाली. इंग्रजीत त्या जागी कंस, अर्धविराम असली किरकोळ चिन्हं असतात, म्हणून कंपनीनं घडीच्या कीबोर्डात जागा वाचवायला तीच बटणं निम्मी केलेली. काही तर दुसऱ्या बटणासोबत दाबल्याशिवाय उमटतच नव्हती. बबिताची बोटं सवयीनं जात होती आणि दरवेळी रिकाम्या जागेवर किंवा भलत्या बटणावर पडत होती.

"वाच की काय लिवलंस त्ये," सावित्राबाई म्हणाली.

बबितानं वाचायला घेतलं. "बारकूची जमीन ओ... ओढ्याच्या..." पडद्यावर नुसतंच 'ओ' होतं. डोंगराचा 'ोंगर' झाला होता. आणि ठाकरवाडीच्या जागी 'ाकरवाी'.

"आगं, आमचा वढा कुटं गेला?" सावित्राबाईनं विचारलं. "डोंगर बी न्यायचा व्हता का तुमच्या मिशनीला?"

अंगणातली माणसं खो खो हसली. बबिताला हसू आलं नाही. आपल्या वाडीच्या नावातलं पहिलं अक्षरच ज्या वस्तूला परवडत नाही, ती वस्तू घेऊन आपण वाडीचा जबाब लिहायला आलोय, हे तिला कुठेतरी लागलं. त्या दिवशी तिनं चार खुणेच्या गोष्टी तेवढ्या वहीत पेनानं उतरवल्या आणि सबंध जबाब पुन्हा घ्यायचा म्हणून ठेवला.

शनिवारी ती लोणावळ्यात बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात गेली. दुकानदारानं दोन प्रकार काढून दाखवले. एक कव्हरसारखा, पातळ, चुंबकानं टॅब्लेटला चिकटणारा. दिसायला सुरेख. पण त्याचा टेकू मागं फाकवून ठेवायला सपाट जागा लागायची. मांडीवर घेतला की टॅब्लेट मागच्या मागं पडत होता. दुसरा अगदी लॅपटॉपसारखा, जाड, बिजागरीचा. टॅब्लेट त्याच्या खाचेत घट्ट बसायचा आणि कसाही धरला तरी हलायचा नाही. बटणं पूर्ण. ड, ढ, च, ट, सगळी आपापल्या जागी, हक्काच्या आकाराची.

"हा घेऊ नका ताई," दुकानदार म्हणाला. "टॅब्लेटपेक्षा कीबोर्डच जड. मग टॅब्लेट घेऊन काय उपयोग? लोक हलकं मागतात."

"लोक बसतात कुटं?" बबितानं विचारलं.

"म्हणजे?"

"टाइप करायला. कुटं बसतात?"

बबिता दुकानाच्या पायरीवर बसली, जड कीबोर्ड मांडीवर घेतला आणि एक सबंध परिच्छेद मारला. नजर रस्त्यावर, बोटं चालू. एकही अक्षर चुकलं नाही. मग शेजारच्या चिक्कीच्या दुकानात जाऊन तिनं टॅब्लेटसकट तो काट्यावर ठेवायला लावला. एक किलो दोनशे ग्रॅम. घडीचा कीबोर्ड आणि टॅब्लेट मिळून सातशेच्या आत होते.

अर्धा किलो जास्त. दिवसाला दोन वाड्या, दोनदा चढ, दोनदा उतार. पाण्याची बाटली, डबा, फॉर्म, चार्जर वेगळे. बबिता काट्यापाशी उभी राहून हिशेब करत होती. मग तिनं पाण्याची मोठी बाटली घरी ठेवायचं ठरवलं. वाडीत पाणी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. तिनं स्वतःच्या पैशांनी तो कीबोर्ड घेतला.

पुढच्या तीन आठवड्यांत तिनं नऊ जबाब घेतले. बांधावर बसून, चिंचेखाली बसून, एकदा बैलगाडीच्या जुवावर बसून. माणसं बोलत होती आणि ती लिहीत होती, बोलण्याच्याच वेगानं. कुणाला थांबवावं लागलं नाही. एका म्हाताऱ्यानं पावणेदोन तास सांगितलं. चार पानं झाली. शेवटी तिनं ती वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "ह्ये मीच बोललो व्हय? लय ब्येस बोललो की!"

पण महिनाअखेरच्या बैठकीत भिंतीवर आकडे लागले. बाकीच्या पाच जणींचे साठ-साठ, सत्तर-सत्तर फॉर्म. बबिताचे नऊ.

"फॉर्ममध्ये सगळे पर्याय दिलेत," राजेश्वरी मॅडम म्हणाल्या. आवाज शांत होता. "किती वर्षं कसतात, तिथे एक खूण. काय पिकवतात, तिथे एक खूण. जबाबाची जागा दोन ओळींची आहे. तू चार पानं लिहितेस. का?"

"मानसं दोन ओळीत बोलत न्हाईत, मॅडम."

"आणि हा कीबोर्ड. संस्थेनं दिलेला का वापरत नाहीस?"

"तो टेबलावरच चालतो."

"हे बघ." मॅडम पुढं झुकल्या. "तीन वर्षांपूर्वी आपण लॅपटॉप दिले होते. एकीचा खांदा निखळला. दुसरी सुदुंबऱ्याची होती, ओझ्यानं तोल जाऊन उतारावर घसरली, पाय मोडला. तिच्या घरच्यांना मी तोंड दिलंय. म्हणून मी हलकं साहित्य घेतलं. नियम मी हौसेनं केलेला नाही. सोमवारपर्यंत तुझा कीबोर्ड ऑफिसात जमा कर."

मॅडमचं म्हणणं खोटं नव्हतं, हे बबिताला कळत होतं. त्यामुळेच तिला जास्त राग आला. खोटं असतं तर उडवून लावणं सोपं होतं.

"मॅडम, खांदा माझा आहे," ती म्हणाली.

"पण जबाबदारी माझी आहे."

"मग मला लेखी द्या." बबिता उठून उभी राहिली. बोलता बोलता तिची ऑफिसातली भाषा सुटली. "लेखी द्या, की ह्या कामात ड, ढ, च, ट आन ठ लागत न्हाईत. तुमची सही करून द्या. मंग मी ह्यो कीबोर्ड जमा करते. शाळेत मास्तर मला ढ म्हनायचे. आता ढ माझ्याकडं हाय, तर तुमी तो काढून घ्या म्हनता!"

रंजना नावाची एक जण ओठ दाबून खिडकीबाहेर बघत होती. मॅडमनी फाईल मिटली. "सोमवार," एवढंच त्या म्हणाल्या.

सोमवारी बबिता ऑफिसला गेली, पण पिशवी उघडली नाही. मंगळवारी तिला लेखी समज मिळाली. तिनं ती वाचली, सही केली आणि सहीखाली लिहिलं: 'वाचले. मान्य नाही.'

त्याच आठवड्यात बारकूच्या जमिनीच्या पडताळणीचं पथक वाडीत येणार होतं. राजेश्वरी मॅडम स्वतः आल्या. मळवली स्टेशनला उतरून भाज्यातून वर चढेपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम होता. वाडीच्या कडेला त्यांनी बबिताच्या हातात घडीचा कीबोर्ड ठेवला. "आज सरकारी माणसं आहेत. आज तरी हाच वापर."

बबितानं तो घेतला, नीट पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवला आणि आपला जड कीबोर्ड काखेत मारून शेताकडे चालू लागली.

पथकात चार जण होते. त्यांतले पंचनामा लिहिणारे कारकून म्हणजे सोपानराव. पन्नाशीचे, चढणीनं दमलेले, आणि अजून दोन वाड्या व्हायच्या म्हणून घाईत. उतारावर उभं राहून त्यांनी पॅडवर कागद लावला. चतुःसीमा लिहिल्या, पिकं लिहिली. मग सावित्राबाईकडे वळले.

"आजी, ही जमीन बारकू किती वर्षं कसतो?"

सावित्राबाई विचारात पडली. "लय वर्सं झाली."

"लय म्हणजे किती? आकडा सांगा."

"आता आकडा कुटनं आनू? आसतील पंदरा-ईस."

सोपानरावांनी मान हलवली आणि लिहिलं. बबिता त्यांच्या खांद्यामागं उभी होती. तिला शाई ओली असतानाच दिसलं: 'सुमारे पंधरा वर्षांपासून.'

पंधरा वर्षं म्हणजे दोन हजार दहा. दावा तिथंच संपला. बारकूला ते कळलं नव्हतं. तो बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

"थांबा साहेब," बबिता म्हणाली.

"काय?"

"मावशीचा जबाब झाला न्हाई अजून. आकडा झाला फक्त."

"ताई, आकडाच लागतो मला. बाकीचं तुमचं तुम्ही जोडा नंतर."

"नंतर जोडलं तर तुमच्या पंचनाम्याच्या उलट जाईल. मग खरं कुणाचं धरणार?" बबितानं तिथंच बांधाचा एक दगड बघितला आणि त्यावर बसली. कीबोर्ड मांडीवर उघडला. "मावशे, वर्सं सोड. ह्यो बांध कोनी घातला?"

"बारकूच्या बापानं. आनि कोनी?"

"कवा?"

"आता बग," सावित्राबाई बांधावर टेकली. "खाली त्यो मोटा रस्ता करत व्हते ना, गाड्यांचा? तवा सुरुंग उडवायचे. दीस उगवला की धडाम, जेवायला बसलं की धडाम. माजी म्हस चरत व्हती हितंच वरल्या अंगाला. सुरुंगाच्या आवाजानं बुजली आन गेली कड्यावरनं खाली. दुबती म्हस. मी तीन दीस जेवले न्हाई."

सोपानरावांनी घड्याळ बघितलं. "आजी, म्हशीचं राहू द्या."

"का राहू द्या?" बबितानं मान वर न करता विचारलं. बोटं चालूच होती. "मावशे, सांग तू. म्हस कुटं पुरली?"

"ह्या बांधाच्या मुळाशी! बारकूचा बाप तवा बांधच घालत व्हता. दगुड काढून ढीग केलेला. म्हनला, वैनी, हितंच पुरू, वर दगुड रचतो, कुत्री उकरायची न्हाईत. तिची शिंगं हितं हायेत. खनून बगा."

पथकातल्या एकानं नकळत एक पाऊल मागं घेतलं. बबितानं शेवटचा शब्द मारला आणि टॅब्लेट सोपानरावांकडे वळवला. बिजागरीवर तो ताठ उभा होता, ऊन त्यावर पडू नये म्हणून तिनं पदर आडवा धरला.

"वाचा साहेब. एक्सप्रेसवेचं काम चालू असताना हा बांध घातला. रस्ता दोन हजार दोनला पुरा झाला, हे तुमी-आमी सगळेच जानतो. म्हंजे बांध दोन हजार दोनच्या आधीचा. मावशीचा सबंध जबाब ह्यो आहे. तिनं सांगितला तसा. पंचनाम्यात ह्यो घ्या आन ते पंधरा वर्षं खोडा."

"असं मध्येच खोडता येत नाही."

"येतं. खोडून बाजूला सही करायची असते. मी टायपिंगला शिकले."

सोपानराव चिडले. "आम्हाला अजून दोन वाड्या आहेत! ही गोष्ट लिहीत बसलो तर दिवस इथंच जाईल."

"मग जाऊ द्या," सावित्राबाई म्हणाली आणि बांधावर आणखी ऐसपैस बसली. "मी बसलेय की. ह्या जिमिनीसाटी बारकूचा बाप उन्हातान्हात राबला. तुमी अर्दा तास बसा. बारक्या, सायबास्नी पानी दे."

सोपानरावांनी राजेश्वरी मॅडमकडे बघितलं. त्या संस्थेच्या इथल्या प्रमुख होत्या. त्या म्हणाल्या असत्या की राहू द्या, तर गोष्ट तिथंच मिटली असती. मॅडम थोडा वेळ बबिताच्या मांडीवरच्या त्या जाड कीबोर्डाकडे बघत राहिल्या.

"घ्या लिहून, साहेब," त्या म्हणाल्या. "जबाब घेणं हा नियमच आहे."

मग सोपानराव दुसऱ्या दगडावर बसले. बबितानं पडद्यावर एकेक ओळ वर सरकवायची आणि त्यांनी पेनानं ती पंचनाम्यात उतरवायची, असं चाळीस मिनिटं चाललं. म्हैस आली, सुरुंग आला, शिंगं आली. दोनदा त्यांनी वाक्य आखूड करायला बघितलं आणि दोनदा बबितानं ते पूर्ण लिहून घेतलं. 'सुमारे पंधरा वर्षांपासून' वर आडवी रेघ पडली, बाजूला सही झाली. सावित्राबाईनं अंगठा उठवला, तोही असा दाबून, की कागदाला खळगा पडला.

पथक पुढच्या वाडीकडे गेल्यावर मॅडम आणि बबिता उतरायला लागल्या.

"दे इकडे जरा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी बबिताची पिशवी खांद्यावर घेतली. भाज्याची घरं दिसेपर्यंत त्यांनी ती तीनदा खांदा बदलून धरली. मग थांबल्या.

"जड आहे गं."

"व्हय मॅडम. जड आहे," बबिता म्हणाली. ती काही खोटं बोलणार नव्हती. गेला महिनाभर रोज संध्याकाळी तिचा उजवा खांदा ठणकत होता.

"एक जबाब, आणि अर्धा दिवस गेला. असं केलं तर सगळे दावे कधी पुरे व्हायचे? मी वर काय सांगू?"

"वर सांगा, एकेकीचे साठ-साठ फॉर्म झाले. त्यांतले किती पंधरा वर्षंवाले आहेत ते बी सांगा."

राजेश्वरी मॅडमची चाल मंदावली. खूण करून भरलेले ते फॉर्म त्यांच्या डोळ्यांपुढं आले असावेत.

"तुझ्या एकटीसाठी मी नियम बदलू शकत नाही, बबिता. कीबोर्ड मंजूर होणार नाही. समज फाईलला राहील."

"नका बदलू," बबितानं पिशवी परत घेत म्हटलं. "मी मोडते की. दुसरी समज द्या. सही करीन."

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. पण शब्द त्यांनी मागं घेतला नाही. पुढच्या महिन्यात बबिताला खरोखरच दुसरी समज मिळाली, आणि तिनं तिच्याखालीही तेच लिहिलं.

बारकूचा दावा वाडीच्या समितीत मंजूर होऊन पुढं गेला आहे. पुढं म्हणजे कुठवर आणि कधी, हे कुणालाच सांगता येत नाही. जुन्या फॉर्मांपैकी एकेचाळीस परत काढले गेले आणि त्यांचे जबाब नव्यानं घ्यायचं ठरलं. त्या कामासाठी मॅडमनी आकड्यांचा तक्ता भिंतीवरून उतरवला. कीबोर्डाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

एकेचाळीसपैकी वीस रंजनाकडे आले. सोमवारी सकाळी ती मळवली स्टेशनवर बबिताची वाट बघत उभी होती. तिची पिशवी नेहमीपेक्षा खाली ओढलेली होती आणि पट्टा खांद्यात रुतला होता.

"तू बी घेतलास?" बबितानं विचारलं.

"घेतला," रंजना म्हणाली. "समज मिळाली की खाली काय लिवायचं असतं, तेवढं सांग."

बबितानं तिला सांगितलं, आणि दोघी पूल ओलांडून चढणीला लागल्या.